दुसऱ्या फेरीची ठिकाणं

शहर सोडायची तारीख ठरली की माणसं शहर बघायला निघतात. माझ्या एका मैत्रिणीची बदली झाली तेव्हा हे अगदी जवळून पाहायला मिळालं. सुट्टीच्या दिवशी उंबरठा न ओलांडणारी ही बाई सामानाची खोकी अर्धवट बांधून ठेवायची आणि रोज संध्याकाळी कुठे ना कुठे भटकून यायची. जुन्या बाजारामागची गल्ली, पुलापलीकडचं वाचनालय, 'एकदा जाऊ या' असं आम्ही दोघी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो ते कोपऱ्यावरचं हॉटेल. "अगं, आपल्याकडे काय काय आहे!" असं ती मला सांगायची. माझी काही बदली होणार नव्हती, त्यामुळे मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

या वागण्याचा रीतसर अभ्यास झालेला आहे. सुझॅन शू आणि आयेलेट ग्नीझी या दोघींनी तो २०१० मध्ये प्रसिद्ध केला. पाहुणे म्हणून आलेली माणसं दोन आठवड्यांत जितकी प्रसिद्ध ठिकाणं पाहून जातात, तितकी तिथे राहायला आलेल्यांची पहिल्या वर्षभरातही पाहून होत नाहीत, असं त्यांना दिसलं. आणि जुने रहिवासी बघतात ते मुख्यतः गाव सोडायच्या बेतात असताना. याच अभ्यासातला दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. त्यांनी लोकांना एका बेकरीची भेटकुपनं दिली. काहींच्या कुपनावर तीन आठवड्यांची मुदत होती, काहींच्या दोन महिन्यांची. ज्यांना जास्त मुदत मिळाली त्यांना आपण कुपन वापरणारच अशी जास्त खात्री होती. प्रत्यक्षात कमी मुदतवाल्यांपैकी ३१ टक्के लोक बेकरीत पोचले आणि ऐसपैस मुदतवाल्यांपैकी जेमतेम ६ टक्के. काम लांबणीवर टाकतो तसं माणूस सुखही लांबणीवर टाकतो, आणि घराजवळच्या सुखाच्या कुपनावर तर तारीखच छापलेली नसते.

मुदत नाही हे एक झालं. दुसरं कारण पायांना लागलेल्या वळणात आहे. पॉल-आंरी शोंबार द लोव या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने पॅरिसच्या सोळाव्या विभागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या वर्षभरातल्या सगळ्या फेऱ्या नकाशावर रेघा मारून दाखवल्या होत्या. १९५२ मध्ये तो नकाशा छापून आला. त्यात एक छोटा त्रिकोण गडद दिसतो. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला कॉलेज आणि तिसऱ्या टोकाला पियानो शिकवणाऱ्या बाई. बाकी सगळं पॅरिस जवळजवळ कोरं. हे पाहून मी माझाही नकाशा काढायला बसले. त्रिकोणसुद्धा झाला नाही. एक जाड रेघ, टोकाला ऑफिस, मध्ये भाजी आणि औषधाचं दुकान. पियानोसारखं काही शिकत असते तर निदान तिसरा कोन तरी मिळाला असता.

केव्हिन लिंच हा नगररचनाकार लोकांच्या डोक्यातली शहरं तपासत होता. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांवरचं त्याचं काम १९६० मध्ये आलं. मनातला नकाशा पाच गोष्टींनी बनतो असं त्याने मांडलं: रस्ते, कडा, विभाग, चौक आणि खुणेच्या जागा. यातल्या 'कडा' मला फार पटल्या. रेल्वेचे रूळ, नदी, मोठा हमरस्ता यांनी आपलं 'जवळपास' कापलं जातं. माझ्या घरापासून रूळ पाच मिनिटांवर आहेत, आणि रुळांपलीकडची वस्ती माझ्या लेखी परगावात जमा होती. तिथे जायचं म्हणजे आधी ठरवायचं, कुणाला तरी सोबत घ्यायचं, पाण्याची बाटली भरायची. रुळांच्या अलीकडे मात्र चांगली अर्ध्या तासाची पायपीट 'इथेच तर जायचंय' म्हणून सहज होते. हिशोब अंतराचा नसतोच.

अंतराचा हिशोब केला तर उलट थक्क व्हायला होतं. साधारण चालीने माणूस तासाला ५ किलोमीटर चालतो. म्हणजे १५ मिनिटांत सव्वा किलोमीटर. घर मध्यावर धरून एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर आत जवळजवळ ५ चौरस किलोमीटर जागा येते. रस्ते सरळ नसतात म्हणून त्यातली बरीच वजा करा, तरी उरते ती पुष्कळ झाली. सायकल घेतली आणि वेग तिप्पट झाला की क्षेत्र नऊपट होतं. शाळेत हे गणित सोडवताना त्याचा असा काही उपयोग असेल असं वाटलं नव्हतं.

या वर्तुळात नेमकं कुठे शोधायचं, याला मात्र एक सूत्र आहे आणि ते भाड्याचं आहे. मुख्य रस्त्यावरची जागा महाग असते. तिथे तग धरतात ती मोठ्या साखळ्यांची दुकानं, बँका, मोबाइलवाले. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच हे दाखवून दिलं होतं की नव्या, धडपड्या उद्योगांना जुन्या इमारती लागतात, कारण नव्या इमारतीचं भाडं त्यांना झेपत नाही. दोन रस्त्यांमधल्या इमारतींच्या रांगा छोट्या असल्या आणि थोड्या थोड्या अंतरावर गल्ल्या फुटत असल्या की माणसं वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि आडबाजूच्या दुकानालाही गिऱ्हाईक मिळतं, हेही त्यांचंच. तेव्हा हमरस्त्याला समांतर अशी मागची दुसरी गल्ली, जुन्या इमारतीचा पहिला मजला, जिन्याखालचा गाळा, कारखाना बंद पडलेलं आवार अशा जागी आधी जावं. बाजारातून घरी येताना एक वळण उशिरा घ्यावं. मी घेते. बहुतेक वेळा काही सापडत नाही, हेही सांगून ठेवते. भिंती, उभ्या केलेल्या गाड्या आणि संशयाने बघणारं कुत्रं.

लांबच्या जागांची ओढ आपल्याला कुणीतरी पद्धतशीर लावलेलीही आहे. उत्तम हॉटेलं ओळखायची जगातली सगळ्यात नावाजलेली पद्धत टायरवाल्यांनी काढली. आंद्रे आणि एदुआर मिशलँ या भावांनी १९०० मध्ये वाहनचालकांसाठी पुस्तिका काढली, तीही फुकट. तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये ३,००० मोटारीसुद्धा नव्हत्या. लोकांनी लांब लांब हिंडावं, टायर झिजावेत आणि नवे घ्यावेत, असा सरळ व्यापारी बेत. १९२६ मध्ये त्यांनी चांगल्या हॉटेलांना तारा द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या दशकात एक, दोन, तीन अशा ताऱ्यांचे अर्थ ठरले. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात फार चांगलं. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करावा असं. म्हणजे जेवणाची प्रत मोजायची ती गाडी किती चालवावी लागेल यावर! चपला घालून, केस न विंचरता जिथे जाता येईल त्या जागेसाठी या मापात खूण नाही. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, चपलांचा धंदा त्यांचा नव्हता.

आता तारे आपणच देतो. नकाशाचं ॲप उघडलं की आजूबाजूची ठिकाणं क्रमाने येतात. तो क्रम तुम्ही शोधलेल्या शब्दांशी जुळणी, अंतर आणि ठिकाणाचा बोलबाला यांवर लागतो, असं गूगलच सांगतं. बोलबाला असलेल्याचा आणखी बोलबाला होतो. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा २०१३ मधला प्रयोग यावर चांगला प्रकाश टाकतो. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या काही प्रतिक्रियांना त्यांनी सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत चिकटवलं. एवढ्यावर त्यांचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. पहिला माणूस वाहवा करून गेला की पुढचे माना डोलावतात. ॲप वापरू नये असं मी म्हणत नाही. रात्री उशिरा औषधाचं दुकान शोधायचं असेल तर त्याला तोड नाही. पण ज्या दुकानदाराने कधी आपली नोंदच केली नाही, ज्याच्या पाटीवरची अक्षरं उडालेली आहेत, तो त्यात दिसत नाही. आणि मला भेटलेली निम्मी चांगली माणसं अशी न दिसणारी आहेत.

रुळांपलीकडची खानावळ त्यातलीच. मोजकी टेबलं, भिंतीवर फळा, फळ्यावर खडूने लिहिलेले थोडेच पदार्थ. एखादा संपला की आतून एक बाई ओल्या फडक्याने ते नाव पुसून जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला सगळंच आवडलं, आणि त्या आवडण्याला फारसा अर्थ नव्हता. भूक लागलेली होती, ऊन नव्हतं, जागा आपणच शोधल्याचा आनंद होता. नवं ठिकाण पहिल्या भेटीत निम्मं आपल्याच उत्साहावर चालतं. परगावी एवढं पुरतं, कारण तिथे परत कोण जाणार आहे? तासभर छान गेला, फोटो निघाले, झालं. घराजवळच्या जागेला ही सवलत नाही. ती उद्याही तिथेच असते, मरगळलेल्या मंगळवारी, आपण चिडलेलो असताना.

म्हणून मी दुसरी फेरी होईपर्यंत कुठल्याही ठिकाणाबद्दल मत देत नाही. दुसऱ्यांदा त्या खानावळीत पोचले तर फळा जवळजवळ कोरा. "उशीर केलात," बाई म्हणाल्या. "साडेबाराच्या आत येत जा. नंतर दुकानांतली मुलं येतात, त्यांच्यापुढे काही उरत नाही." आणि खरंच, मागोमाग आजूबाजूच्या दुकानांतली कामाची पोरं शिरली. कुणी हात धुतले, कुणी फळ्याकडे न बघताच बसलं. उरलेलं जे होतं ते मला वाढलं गेलं, त्यांच्याच टेबलावर, एकाने आपला डबा सरकवून केलेल्या जागेत. जेवण पहिल्या दिवसाइतकंच चांगलं होतं. पण पहिल्या दिवशी मी तिथे बघायला आलेली होते आणि आता मला वेळ पाळायला सांगितलं गेलं होतं. हा फरक मला आवडला.

एकट्याने जेवणारी माणसं किती आहेत, हे मी आता आवर्जून बघते. जिथे लोक घोळक्यानेच येतात तिथे प्रसंग साजरे होतात. जिथे एकटी माणसं पेपर वाचत, मान खाली घालून, सावकाश जेवतात, तिथे रोजचं जेवण बरं असतं. याउलट दुसऱ्या फेरीत गळालेल्या जागाही पुष्कळ. भिंतीवर पंख रंगवलेलं एक कॉफीचं दुकान आहे. त्या पंखांपुढे उभं राहून फोटो काढायचा, मग कॉफी कशी होती ते कुणी विचारत नाही. मीही काढलाय, चांगला आलाय. परत जायचं काही कारण सापडत नाही.

दुकानाची परीक्षा वेगळी. तिथे मी बघते की दुकानदार 'काय हवंय' याच्या पुढे जाऊन 'कशाला हवंय' असं विचारतो की नाही. मागच्या गल्लीत एक हार्डवेअरचं दुकान आहे. रुंदी एवढीच की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने पायरीवर थांबायचं. छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे त्याचा एकेक नमुना तारेने बांधलेला: खिळा, हुक, वॉशर, कडी. कपाटाचं दार लोंबायला लागलं म्हणून मी बिजागरी आणायला गेले होते.

"जुनी आणलीय?"

मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती तळहातावर घेतली, फुंकर मारली, दोनदा उघडमीट केली.

"ही चांगली आहे हो. पंधरा वर्षं जाईल अजून. स्क्रू बघू."

स्क्रूही दिला. तो त्यांनी चिमटीत धरून उजेडात फिरवला. "हा आखूड आहे. भोक मोठं झालं असणार, म्हणून धरत नाही. याहून थोडा लांब देतो. नाहीतर असं करा, भोकात काडेपेटीची काडी बसवा, जराशा लाकडाच्या गोंदात बुडवून. वाळली की उरलेली मोडून टाका आणि हाच स्क्रू फिरवा."

मी बिजागरी विकत घ्यायला तयार असताना त्यांनी मला मूठभर स्क्रूंवर बोळवलं. स्क्रू कागदाच्या पुडीत बांधून दिले, वर दोरा. घरी काडीचाच उपाय केला, दार अजून जागच्या जागी बसतं. असल्या दुकानाचं अर्थकारण मला कायम कोड्यात टाकतं. त्या खणांमध्ये वर्षातून एकदा खपणारा माल पडून असतो आणि तेवढे पैसे अडकून राहतात. तो एकदाच लागणारा तुकडा नेमका तिथे मिळतो, म्हणून माणसं बाकीच्या वेळीही तिथेच जातात. निदान जायला हवीत. घरपोच सामानाच्या खोक्यात बिजागरी दुसऱ्या दिवशी येते, हे खरं. पण बिजागरीची गरजच नाही असं सांगणारं तिथे कुणी नसतं.

घराजवळच्या जागांमध्ये मी राहायची जागाही धरली, तेव्हा राहायचं म्हणजे काय, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. खाणं समजू शकतं, खरेदी समजू शकते, पण स्वतःचं घर वीस मिनिटांवर असताना खोली घेऊन राहायचं? पैसे जास्त झालेत का? मलाही ते थोडं आगाऊपणाचंच वाटत होतं. तरी मी जुन्या बाजाराजवळच्या एका लहान लॉजमध्ये खोली घेतली. काउंटरवरच्या मुलाने ओळखपत्र पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, पत्ता तर इथलाच दिसतोय."

"हो."

"घरात रंगकाम काढलंय का?"

"नाही. सहज."

'सहज' त्याला पटलं नाही. तरी त्याने किल्ली दिली आणि, बहुधा दया येऊन, रस्त्याच्या बाजूची सोडून आतली शांत खोली दिली.

यात काही गोष्टी कळल्या. घरात सुट्टी का लागत नाही, तर घरातली प्रत्येक वस्तू काही ना काही मागत असते. पडदा धुवायचाय, नळ ठिबकतोय, तो खण आवरायचाय. लॉजच्या खोलीतला पडदा मळका असला तरी तो माझ्याकडे काही मागत नव्हता. दुसरं म्हणजे झोप. पहिल्या रात्री नीट लागली नाही, आणि त्याचंही कारण ठाऊक झालेलं आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीक आवाजालाही तो दचकतो, जणू एकजण पहाऱ्यावर बसवलेला असतो. घर किती जवळ आहे हे त्या पहारेकऱ्याला कुणी सांगत नाही. म्हणून राहायचंच तर दोन रात्री राहावं. दुसऱ्या रात्री मला अशी झोप लागली की सकाळी खालच्या बाजारात ट्रक रिकामा होऊन निघूनही गेला होता.

खर्चाचं म्हणाल तर शहरातल्या हॉटेलांचा एक ठोकताळा आहे. कामानिमित्त येणाऱ्यांवर चालणारी हॉटेलं शनिवार-रविवारी ओस पडतात आणि सहलीच्या ठिकाणची तेव्हाच भरतात. रविवारची रात्र तर बहुतेक ठिकाणी सगळ्यात रिकामी. परगावच्या माणसाला याचा फायदा घेता येत नाही, कारण त्याला सोमवारी कामावर पोचायचं असतं. आपल्याला घेता येतो. सोमवारी सकाळी मी लॉजमधूनच ऑफिसला गेले, आणि ते नेहमीपेक्षा जवळ निघालं.

आता प्रश्न सांगण्याचा. बदली झालेली मैत्रीण पुढच्या महिन्यात पाहुणी म्हणून येतेय आणि तिने फर्मान सोडलंय की चांगल्या ठिकाणांची यादी तयार ठेव. सोबत तिच्या ऑफिसमधली माणसंही आहेत. मी बराच विचार केला. हार्डवेअरच्या दुकानाचं नाव मी सगळ्यांना ओरडून सांगते, कारण ते बंद पडलं तर माझीच पंचाईत आहे. पाहुण्यांना स्क्रू लागणार नाहीत हा भाग वेगळा. लॉजचं नाव कळवलं. रविवारच्या रिकाम्या खोल्या कुणाच्या तरी कामी येऊ देत. खानावळीचं मात्र कळवलेलं नाही. तिथे टेबलं मोजकी आहेत, आणि एका दुपारी दहा पाहुणे उतरले तर दुकानातल्या पोरांनी जेवायचं कुठे? मैत्रिणीला एकटीला नेईन, साडेबाराच्या आत. बाकीच्यांना पंखवालं कॉफीचं दुकान दाखवणार आहे, फोटो चांगले येतात.